मोजे आणि मोजणी

पारिजातकाच्या फुलाला पाकळ्या किती? घरी आलेल्या पाहुण्यांना हा प्रश्न विचारायची मला खोड आहे. बहुतेक जण बेधडक ‘पाच’ म्हणतात. एखाद्या आजी ‘सहा’ म्हणतात, कारण त्यांनी जन्मभर ही फुलं परडीत वेचलेली असतात. मोजून मात्र कुणीच सांगत नाही. पहाटे सडा पडतो, देवाला चार फुलं जातात, उन्हं वर येईपर्यंत बाकीची मलूल होतात. खरं उत्तर असं, की पाच, सहा, सात, क्वचित आठही. आणि तीसुद्धा एकाच झाडावर, एकाच सकाळी.

साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कलकत्त्यात एस. के. रॉय नावाचे एक संशोधक पारिजातकाखाली बसून या पाकळ्या मोजत होते. दहा-वीस फुलं नव्हेत, ढिगांनी. येणाऱ्या-जाणाऱ्याला हा गृहस्थ एक तर अतिधार्मिक वाटला असेल किंवा चळलेला. पण त्यांना हे काम करायला प्रोत्साहन देणारा गुरू त्या काळात जगातल्या आघाडीच्या आनुवंशशास्त्रज्ञांत गणला जाई. गुरूचा प्रश्न साधा होता. झाड एक, म्हणजे त्याच्या सगळ्या फुलांना मिळालेला वारसा एकच. मग पाकळ्यांची संख्या का हलते? वारशाने जे ठरतं ते किती घट्ट ठरतं, आणि घडताना हात किती थरथरतो? या प्रश्नाला सूक्ष्मदर्शक लागत नव्हता, परदेशी चलन लागत नव्हतं. लागत होती परडी, वही आणि चिकाटी.

गुरूचं नाव जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन. सगळे त्यांना ‘जेबीएस’ म्हणत. १९५७च्या जुलैमध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातली प्रोफेसरकी मागे टाकून ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कलकत्त्याला राहायला आले. पाहुणे म्हणून पूर्वी येऊन गेले होते; आता बिऱ्हाडच हलवलं. आपल्याकडची हुशार मुलं बोटीने विलायतेला निघाली होती, त्याच वर्षांत हे जोडपं उलट्या दिशेने आलं. परदेशातल्या मर्दुमकीच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचतो. इथे परदेश म्हणजे बराकपूर ट्रंक रोड, आणि मर्दुमकी म्हणजे तिथल्या उकाड्यात धोतर-कुडता घालून शिकवणं.

इंग्लंड का सोडता, असं विचारणाऱ्यांना जेबीएस दोन कारणं देत. पहिलं राजकीय. १९५६ साली ब्रिटनने सुएझवर हल्ला केला, आणि अशा सरकारची प्रजा म्हणून राहायची त्यांची इच्छा नव्हती. दुसरं कारण पायांचं. साठ वर्षं मोजे घातले तेवढे पुरे, भारतात ते घालावे लागणार नाहीत, असं ते सांगत. ऐकणारा हसे, पण मला हे दुसरं कारण पहिल्याइतकंच खरं वाटतं. मोजे काढले आणि मोजायला बसले, असा श्लेष मराठीतच जमतो. त्यांना तो कळला असता तर आवडलाच असता.

तिसरं एक कारण होतं, पण ते सहसा सांगत नसत.

१९५६च्या नोव्हेंबरात एका पबबाहेर हेलनबाईंचा पाय पोलिसांच्या कुत्र्याच्या शेपटीवर पडला. चुकून की मुद्दाम, यावर एकमत नाही. त्यानंतर हवालदाराशी जी बाचाबाची झाली ती मात्र नक्कीच चुकून नव्हती. कोर्टाने दंड ठोठावला. बाईंनी तो भरायला नकार दिला आणि हॉलोवेच्या तुरुंगात जाऊन बसल्या. विद्यापीठातल्या सभ्य मंडळींना हे मानवेना. नवऱ्याने बायकोची समजूत घालण्याऐवजी तिची बाजू घेतली. त्यांच्या भारत-प्रेमाच्या आख्यायिका सांगताना ही शेपटी गाळण्याची पद्धत आहे. ती गाळली की हेलनबाई नुसत्या ‘सौ. हॉल्डेन’ उरतात, आणि तसं मानणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

हेलन स्परवे यांचा जन्म १९१५चा. त्या जेबीएसच्या विद्यार्थिनी. वयात तेवीस वर्षांचं अंतर. लग्न १९४५ सालचं, जेबीएसचं दुसरं. त्याच्या आधी दोघांनी केलेला संसार लोखंडी टाकीतला होता. १९३९च्या जूनमध्ये ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलजवळ चाचणीच्या वेळी बुडाली आणि आत अडकलेली ९९ माणसं गेली. ती कशी गेली, बाहेर पडता आलं असतं का, याचा शोध घ्यायचं काम जेबीएसकडे आलं. त्यांनी स्वतःला आणि तयार असलेल्या सहकाऱ्यांना दाबाच्या बंद टाकीत कोंडून घेतलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवायचा, दाब चढवायचा, उतरवायचा आणि शुद्ध हरपेपर्यंत नोंदी ठेवायच्या. या प्रयोगांत हेलनबाईही होत्या. जेबीएसच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली, कानाचा पडदा फाटला. पुढे ते मजेत सांगत, की आता मला कानातून सिगारेटचा धूर काढता येतो.

ही पद्धत घरातली होती. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन श्वसनाचे मोठे अभ्यासक; खाणीतल्या विषारी हवेवर त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांनी पोराला एकदा खाणीत नेलं, उभं राहून शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधलं अँटनीचं भाषण म्हणायला सांगितलं. म्हणता म्हणता पोराला धाप लागली, पाय गळाले, तो खाली कोसळला. आणि जमिनीवर पडताच श्वास परत आला. मिथेन हवेपेक्षा हलका, तो छताशी साठतो, हा धडा त्या मुलाला पुन्हा शिकवावा लागला नाही. आजच्या पालकसभेत या वडिलांचं काय झालं असतं, याचा विचार न केलेला बरा.

गंमत म्हणजे या माणसाकडे विज्ञानाची पदवी नव्हती. ऑक्सफर्डला त्यांनी गणित केलं आणि मग ग्रीक-लॅटिन. पदवी त्या अभिजात विद्यांची, १९१४ सालची. लगेच महायुद्ध लागलं. ‘ब्लॅक वॉच’ पलटणीतून फ्रान्स, तिथून मेसोपोटेमिया, तिथे जखमी होऊन हिंदुस्थान. महू छावणीत ते बॉम्ब कसे फेकायचे हे शिकवत होते. आपल्याला महू आठवतं ते बाबासाहेबांचं जन्मगाव म्हणून. त्याच छावणीत १९१७-१८च्या सुमारास हा आडदांड स्कॉटिश अधिकारी वावरत होता. देश त्यांना आवडला, पण गोऱ्या साहेबाला हिंदी माणसाशी बरोबरीने बोलता येत नाही हे खुपलं. बरोबरीने राहता येईल तेव्हाच परत यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं म्हणतात. वाट पाहावी लागली चाळीस वर्षं.

मधल्या काळातल्या कामाचा इथे फक्त ओझरता उल्लेख करतो. डार्विनची निवड आणि मेंडेलची आनुवंशिकता यांचं गणिती लग्न लावून देणाऱ्या तिघांपैकी ते एक. बाकीचे दोघे फिशर आणि राइट. महाराष्ट्राशी लागणारे दोन धागे मात्र सोडवत नाहीत. गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर कसं मोजायचं याचं एक सूत्र हॉल्डेन यांनी १९१९ साली दिलं. त्यात एक उणीव होती: शेजारशेजारची अदलाबदल एकमेकींना अडवते, हे त्यात धरलेलं नव्हतं. ती सुधारून नवं सूत्र १९४४ साली मांडलं ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असताना. आज जगभरच्या आनुवंशशास्त्राच्या पुस्तकांत ‘हॉल्डेन’ आणि ‘कोसंबी’ ही दोन सूत्रं लागोपाठ छापलेली असतात. इतिहासकार कोसंबी आपल्याला ठाऊक असतात. हे कोसंबी किती जणांना ठाऊक आहेत?

दुसरा धागा गडचिरोली-नंदुरबारकडचा. भूमध्य समुद्राकाठी थॅलसेमिया हा रक्तदोष इतका का टिकून आहे, याचं उत्तर त्यांनी १९४९ साली सुचवलं: एका पालकाकडून हा दोष घेतलेल्या माणसाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळत असावं. सिकलसेलबाबत हाच विचार काही वर्षांत सिद्ध झाला. आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल का आहे, हे शिबिरात समजावून सांगणारा डॉक्टर नकळत त्यांचंच बोट धरून चालत असतो.

तर असा हा माणूस प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या निमंत्रणावरून इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आला. येताना ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ हे नियतकालिकही बरोबर घेऊन आला. बिऱ्हाडात लोक पाटा-वरवंटा आणतात, यांनी मासिक आणलं. ते आता बंगळुरूहून निघतं.

इथे त्यांनी शिष्य कसे निवडले, हे पाहण्यासारखं आहे. कृष्णराव द्रोणमराजू यांनी सरळ पत्र लिहिलं आणि जेबीएसनी त्यांना बोलावून घेतलं. टी. ए. डेव्हिस हे केरळात नारळीवर काम करणारे. रॉय शेतीतले. आणि सुरेश जयकर हे संख्याशास्त्रातले. जयकर हे आडनाव वाचून आपले कान टवकारतातच. ज्याला डोळे आहेत आणि जो मोजायला कंटाळत नाही, तो आपला, असा हिशेब.

मग कामं वाटली गेली. ‘वाटली’ म्हणण्यापेक्षा ती अंगणात पडलेलीच होती. आपण जिला घाणेरी किंवा टणटणी म्हणतो, तिच्या कुंपणावर वेगवेगळ्या रंगांची फुलं असतात. द्रोणमराजूंनी कुठलं फुलपाखरू कुठल्या रंगावर बसतं ते टिपलं. फुलपाखरांच्या आवडीनिवडी पक्क्या निघाल्या. परागकण रंगारंगांत विभागून जात असतील तर एकाच झुडपाच्या दोन जाती पडायला तिथूनच सुरुवात होऊ शकते, हा निष्कर्ष १९६० साली ‘नेचर’मध्ये आला. पुरुषांच्या कानांवर उगवणारे केस बापाकडून मुलाकडे कसे जातात, याच्या वंशावळीही त्यांनीच जमवल्या. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या कानाकडे निरखून पाहणारा माणूस शास्त्रज्ञ असू शकतो, हे त्यावरून ध्यानात ठेवावं. डेव्हिस यांनी नारळाची पानं कुठल्या हाताने वळतात ते मोजलं. निम्मी झाडं डावरी, निम्मी उजवी. हा डावेपणा पुढच्या पिढीत उतरत नाही, पण डावरी झाडं फळं थोडी जास्त देतात. रॉय यांनी भाताच्या दोन जाती ओळीआड ओळ लावल्या, आणि वेगवेगळ्या लावण्यापेक्षा उत्पन्न वाढलेलं दिसलं. आंतरपीक घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण इथे पीक एकच होतं, जाती दोन होत्या.

जयकर यांच्याबरोबर गुरूने केलेलं काम कागदावरचं. १९६३चा तो शोधनिबंध अजूनही वाचला जातो, आणि त्यातला मुद्दा कोरडवाहू शेतकऱ्याच्या भाषेत असा सांगता येईल. समजा एक बियाणं चांगल्या साली तिप्पट होतं आणि वाईट साली जेवढ्यास तेवढं राहतं. सरासरी काढली तर दुप्पट. दुसरं बियाणं कुठल्याही साली दुप्पट. कागदावर दोन्ही सारखी. पण एक चांगलं, एक वाईट अशा दोन वर्षांनी पहिलं तिप्पट झालेलं असतं, दुसरं चौपट. निसर्गात पिढ्या बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतात. म्हणून परिस्थिती फिरत राहते तेव्हा भपकेदार वर्षापेक्षा वाईट वर्षातली तग महत्त्वाची ठरते. फिरत्या हवामानात एकाच जातीत दोन्ही गुण का टिकून राहतात, याचं गणित या दोघांनी मांडलं. गुरू सत्तरीचा, शिष्य तरुण, आणि निबंधावर दोघांची नावं बरोबरीने.

आणि हेलनबाई? लंडनमध्ये त्यांनी गप्पी माशांवर केलेल्या कामाने खळबळ उडवली होती. नराशिवाय मादीला पिलं होऊ शकतात असं त्यांचं म्हणणं निघाल्यावर एका वृत्तपत्राने चक्क अशा मानवी मातांचा शोध सुरू केला होता. कलकत्त्यात त्यांनी रेशमाचे पतंग पाळले. कुंभारीण माशी चिखलाचं घर कसं बांधते, चुकते तेव्हा कशी चुकते, हे जयकर यांच्याबरोबर तासन्‌तास पाहिलं. बाई फटकळ होत्या, आवाज मोठा, अनेकांना नकोशा वाटत. पण प्राण्यासमोर बसल्या की त्यांच्याइतकं शांत कुणी नसे. जेबीएसची ताकद समीकरणात होती; प्राणी पाहावा तो बाईंनी, असं माझं मत आहे. भारतातल्या त्यांच्या शिष्यांनी जे पाहायला शिकून घेतलं त्यात बाईंचा वाटा नवऱ्याच्या बरोबरीचा असावा. चरित्रकार तो क्वचितच मान्य करतात.

जेबीएस या सगळ्याला अहिंसक जीवशास्त्र म्हणत. पक्ष्यांचा अहिंसक अभ्यास कसा करावा यावरचा त्यांचा लेख १९५९ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. त्या काळी पक्षी-अभ्यास म्हणजे बंदूक, कातडी आणि कापूस. हे म्हणत होते, की पक्षी मारला की त्याचं जगणं पाहायचं राहून जातं, आणि ज्या देशात जीव न मारण्याची परंपरा आहे तिथे पाहण्याचं शास्त्र उत्तम रुजेल. परंपरेचं त्यांनी जरा जास्तच कौतुक केलं, असंही वाटतं. भारताबद्दलची त्यांची भाबडी मतं सगळीच टिकणारी नाहीत. पण गरीब देशातल्या मुलाला ‘यंत्र नाही म्हणून थांबू नकोस’ असं सांगणारा दुसरा एवढा मोठा वैज्ञानिक मला माहीत नाही.

सरळ चाललं असतं तर ते हॉल्डेन दांपत्य कसलं. १९६१च्या जानेवारीत अमेरिकेतल्या विज्ञानस्पर्धेत जिंकलेली दोन शाळकरी मुलं कलकत्त्यात आली. एकाचं काम रेशमाच्या पतंगांवर, म्हणजे थेट हेलनबाईंच्या प्रांतातलं. बाईंनी त्यांना जेवायला बोलावलं. अमेरिकी माहिती कार्यालयाने कार्यक्रम भरगच्च असल्याचं सांगून ते जेवण होऊ दिलं नाही. कम्युनिस्ट पक्षात राहिलेल्या माणसाच्या घरी मुलं कशाला पाठवायची, हाच खरा संशय, असं जेबीएसना वाटलं. त्यांनी उपोषण मांडलं. साहेब उपाशी बसला ही बातमी जगभर गेली. गांधींच्या देशात येऊन चार वर्षं झाली नव्हती, आणि सहा फुटी स्कॉट माणूस पाहुण्यांच्या अपमानासाठी अन्न सोडून बसला होता. हास्यास्पद? थोडं. पण दारी आलेलं पोर न जेवता जाऊ नये, ही त्यामागची भावना आपल्याकडच्या कुठल्याही घरात समजेल.

त्यानंतर लवकरच महालनोबिसांशी बिनसलं आणि त्यांनी संस्था सोडली. मग सीएसआयआरच्या एका नव्या केंद्राचं ठरलं, ते कागदपत्रांत रुतलं. जेबीएसनी त्या आद्याक्षरांचा नवा अर्थ लावला: स्वतंत्र संशोधन दडपणारी परिषद. शेवटी ओरिसाचे मुख्यमंत्री बिजू पटनायक यांनी भुवनेश्वरला बोलावलं, आणि १९६२ साली दांपत्य काही शिष्यांसह तिकडे गेलं. तोवर ते भारताचे नागरिक झाले होते. दोन-अडीच वर्षंच मिळाली.

१९६३च्या हेमंतात अमेरिकेला गेले असताना रक्तस्राव झाला. निदान गुदाशयाच्या कर्करोगाचं. लंडनला शस्त्रक्रिया झाली. इस्पितळात पडल्या पडल्या त्यांनी आपल्याच कर्करोगावर विनोदी कविता लिहिली आणि १९६४च्या फेब्रुवारीत ती ‘न्यू स्टेट्समन’मध्ये छापून आणली. लाजेने डॉक्टरकडे न जाणाऱ्यांनी वेळेवर जावं, हा हेतू. काही वाचकांना ती अभद्र वाटली. बीबीसीसाठी त्यांनी स्वतःचा मृत्युलेखही ध्वनिमुद्रित करून ठेवला. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला ते गेले. देह त्यांच्या इच्छेप्रमाणे काकीनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजला दिला गेला. शेवटी विद्यार्थ्यांच्या टेबलावरच.

हेलनबाई परत गेल्या नाहीत. इंग्लंडमध्ये त्यांची कोण वाट पाहत होतं? त्या पुढे हैदराबादला राहिल्या आणि १९७८ साली तिथेच वारल्या. द्रोणमराजू अमेरिकेला गेले आणि गुरूवर पुस्तकं लिहीत राहिले. जयकर इटलीत पावियाला शिकवू लागले.

बाई आणि जयकर यांचं एक काम सांगायचं राहिलं आहे. माळटिटवी. आपल्याकडे तिच्याविषयी किती गोष्टी आहेत: रात्री ओरडली की अशुभ, आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते, अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, आणि ‘टिटवीदेखील समुद्र आटविते’ ही म्हण. इतकं बोलणाऱ्या आपल्यापैकी किती जण तिच्या घरट्याशी बसले होते? घरटं कसलं, उघड्या माळावर चार खडे आणि त्यांच्यात खड्यांसारखीच दिसणारी अंडी. बाकीचे पक्षी पावसाची वाट पाहतात, ही ऐन कोरड्या दिवसांत अंडी घालते. उन्हाने ती शिजू नयेत म्हणून काय करते, कितीदा उठते, परत कशी येते, हे त्या दोघांनी वहीत उतरवलं. त्या लेखांपैकी एक मुंबईच्या त्याच जर्नलमध्ये १९६५ साली आला. जेबीएस तो पाहायला नव्हते.

लेखांवर नावं आहेत ती अशी: आधी जयकर, मग स्परवे. विद्यार्थी पुढे, बाई मागे. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. नंतर लक्षात आलं, की इंग्रजी वर्णक्रमानेही तेच येतं.